‘येस्टरडे’ रेकॉर्डबरोबर जुळत का नाही, आणि ते गाणं घडलं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘सहा-सात महिने झाले गिटार शिकतोय, बीटल्सचं येस्टरडे बसवायचंय. एका साइटवर कॉर्ड जी मध्ये दिलेत, दुसरीकडे एफ मध्ये. जी मध्ये वाजवलं की हात छान पडतो पण रेकॉर्डबरोबर सूर जुळत नाही. एफ मध्ये सूर जुळतो पण बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून) धरून मनगट भरून येतं आणि आवाजही तसा येत नाही. माझा कान कच्चा आहे का? आणि हे गाणं पॉल मॅकार्टनीला झोपेत सुचलं म्हणतात ते खरं का? बाकीचे तिघं यात नक्की काय वाजवतात?’

कान कच्चा असता तर तुम्हाला खटकलंच नसतं, त्यामुळे ती काळजी सोडा. दोन्ही साइट आपापल्या जागी बरोबर आहेत. रेकॉर्डवर पॉलची बोटं जी च्या जागी आहेत आणि गिटारमधून निघतोय एफ, कारण त्याने सहाच्या सहा तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवल्या होत्या. पेटीच्या भाषेत सांगायचं तर बोटं पांढरी पाचची आणि गाणं पांढरी चारमध्ये. इथेच थांबता आलं असतं, पण तुमचा झोपेचा आणि बाकीच्या तिघांचा प्रश्न मला या पहिल्या प्रश्नापासून तोडता येत नाही. या गाण्याची सगळे फक्त स्वप्नाची गोष्ट सांगतात. स्वप्न खरं आहे, पण स्वप्नात आली ती चाल. तिचं गाणं झालं ते नंतर, जागेपणी, आणि त्यातला मोठा वाटा काय काय वाजवायचं नाही हे ठरवण्याचा आहे. तुमचं मनगट दुखतंय त्याचं उत्तरही तिथेच आहे.

मी पुण्यात २६ वर्षं गिटार शिकवतेय आणि तुमच्या जागी मी स्वतः बसलेली आहे. कॉलेजात असताना माझ्याकडे हे गाणं असलेल्या ‘हेल्प!’ अल्बमची कॅसेट होती आणि मैत्रिणीच्या भावाने वहीत लिहून दिलेले जी चे कॉर्ड. काही केल्या जुळेना. माझी खात्री झाली की टेपरेकॉर्डर हळू चालतोय, तेव्हा बेल्ट सैल पडला की टेप खरोखर रेंगाळायचे. दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेले, त्यांनी बेल्ट बदलला, स्पिरिटने हेड पुसून दिलं, घरी आणून लावला तर गाणं जिथल्या तिथे. पूर्ण एक स्वर उतरायला टेप साधारण ११ टक्के हळू चालायला लागतो आणि तेवढा हळू चालला तर गाणाऱ्याचा आवाज घोगरा लागतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी एका दुपारी कॅसेट चालू ठेवून एकेक तार खाली आणत गेले, जाड तार डी वर आली, जी चा कॉर्ड धरला आणि अंगठ्याने फक्त ती सहावी तार वाजवली, आणि समोरच्या स्पीकरमधला आणि माझ्या मांडीवरचा सूर एक झाला. तो एकच कॉर्ड मी किती वेळ वाजवत होते मला माहीत नाही, आई जेवायला हाक मारून दमली.

याला भक्कम पुरावाही आहे. १९९६ साली बीटल्सची ‘अँथॉलॉजी २’ आली, त्यात या गाण्याचा पहिला टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचा पहिला प्रयत्न, आहे. गायला लागायच्या आधी पॉल जॉर्ज हॅरिसनला कॉर्ड सांगतोय आणि म्हणतोय की मी जी मध्ये आहे पण तुझ्यासाठी तो एफ असेल. मी नवीन विद्यार्थ्याला सगळ्यात आधी ते बोलणं ऐकवते. त्याच टेकमध्ये तो कडव्याच्या दोन ओळींची अदलाबदल पण करून बसतो, म्हणजे शब्द अजून तोंडात पुरते बसलेले नव्हते.

आता चालीकडे. लंडनमध्ये ५७ विम्पोल स्ट्रीट या पत्त्यावर जेन अ‍ॅशरच्या घरचे राहायचे. जेन ही तेव्हाची पॉलची मैत्रीण, अभिनेत्री. १९६३ च्या अखेरपासून तो त्यांच्याकडेच वरच्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत राहत होता आणि पलंगाशेजारी पियानो होता. एका सकाळी जाग आली ती ही चाल डोक्यात घेऊनच, उठून पियानोवर बसला आणि कॉर्ड शोधून काढले. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. चाल इतकी सहज आली की त्याला ती आपली वाटेचना. लहानपणी वडिलांच्या पियानोवर ऐकलेली एखादी जुनी धून असणार असं वाटत राहिलं, म्हणून महिनाभर तो भेटेल त्याला वाजवून दाखवायचा आणि विचारायचा, हे ऐकलंयस का कुठे? त्यात अल्मा कोगनसारखी तेव्हाची नावाजलेली गायिका पण होती. त्याने स्वतः दिलेली उपमा अशी की सापडलेली वस्तू पोलिसात नेऊन द्यावी आणि काही आठवडे कुणी हक्क सांगायला आलं नाही तर ती आपली, तसं हे होतं.

तोवर शब्द नव्हतेच. आपल्याकडे चालीवर शब्द लिहायचे असले की आधी डमी शब्द टाकून मीटर धरून ठेवतात, तसंच त्याने ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ असं घातलं होतं, म्हणजे आपली अंडाभुर्जी म्हणा. ऐकायला मजेशीर आहे पण डमी बेतानेच पडलेला आहे, तीन अक्षरगट, पहिल्यावर जोर, बरोबर जिथे पुढे ‘येस्टरडे’ येऊन बसलं. ‘हेल्प!’ सिनेमाचं शूटिंग चालू होतं, सेटवर पियानो होता, मोकळा वेळ मिळाला की हा तीच धून वाजवत बसायचा, इतकी की दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर वैतागला, परत वाजवलीस तर पियानो उचलून नेईन म्हणाला. खरे शब्द आले ते मे १९६५ मध्ये, पोर्तुगालमध्ये. लिस्बनवरून दक्षिणेला अल्बुफेइराकडे गाडीतून जाताना, लांबचा रस्ता, जेन शेजारी झोपलेली आणि हा मनात शब्द जुळवतोय, तीन अक्षरांचे शब्द शोधतोय, यमक सोपं पडावं म्हणून शेवटचा उच्चार तोच एक ठेवतोय. पोचला ते घर शॅडोज बँडच्या ब्रूस वेल्चचं. वेल्च निघायच्या तयारीत, सामान भरत होता, पॉलने आल्या आल्या विचारलं गिटार आहे का, आणि त्याच्याच गिटारवर गाऊन दाखवलं.

शब्दांबद्दल एक गोष्ट विद्यार्थी नेहमी विचारतात म्हणून इथेच सांगते. पॉलची आई मेरी १९५६ मध्ये गेली, तो १४ वर्षांचा होता. हे गाणं प्रेमभंगाचंच वाटतं आणि लिहिताना त्याच्याही मनात दुसरं काही नव्हतं, पण खूप वर्षांनी तोच म्हणाला की अचानक निघून गेलेली ती बाई कदाचित आई असेल, मलाच तेव्हा कळलं नसेल. मी एवढंच सांगते की हे माहीत असू द्या, पण गाताना मुद्दाम रडवेला आवाज काढू नका. रेकॉर्डवर तो अगदी सरळ गातो.

आता चाल जवळून बघू, कारण इथे आपल्या संगीताचा कान असलेल्याला जास्त मजा आहे. घरी पेटी असली तर पांढरी चारला सा धरा. पहिला शब्द आहे रे सा सा, बस, आणि तिथे थांबायचं, अख्खा एक बार, म्हणजे चार मात्रांचं एक माप, त्या एका शब्दाला दिलाय. मग ओळ वर चढते: ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, नि, सा, आणि परत नि, ध, ध. पुढची ओळ खाली येते: ध, ध, प, म, ग, रे, म, ग, ग. बघा काय झालं, वर जाताना तीव्र मध्यम आणि कोमल धैवत, उतरताना पंचम आणि शुद्ध मध्यम. हेच धैवताला सा धरून वाजवलंत तर आणखी स्पष्ट होईल, चढताना शुद्ध ध शुद्ध नि आणि उतरताना दोन्ही कोमल. पिलू गाणाऱ्याला हे वळण ओळखीचं वाटेल, राग म्हणून त्याचा इथे काही संबंध नाही, पण कानाला जी हुरहुर लागते ती याच चढउतारामुळे. पाश्चात्त्य लोक याला मेलोडिक मायनर म्हणतात. दुसऱ्याच बारमध्ये गाणं आपली पट्टी सोडून एका उदास घरात शिरतं आणि ऐकणाऱ्याला दार कधी उघडलं ते कळतच नाही. जी च्या चार्टमध्ये दुसऱ्या बारला जो एफ शार्प मायनर सेव्हन येतो तो कॉर्ड म्हणजे तेच दार आहे, त्यामुळे तो गाळून थेट बी सेव्हनवर उडी मारायची सवय लावून घेऊ नका, काही सोप्या चार्टमध्ये तसं दिलेलं असतं.

दुसरी गंमत मापाची. साधारणपणे असल्या गाण्याचं कडवं ८ बारचं असतं. याचं ७ बारचं आहे. आठवा बार यायला हवा तिथे पुढचं कडवं सुरू होतं. ऐकताना कुणाला जाणवत नाही इतकं ते नैसर्गिक आहे, पण साथीला बसलात की कळतं. काही वर्षांपूर्वी आमच्या क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात एका मुलाला हे गायचं होतं, त्याचा मामा उत्तम तबला वाजवायचा, त्याला हौसेने साथीला घेतलं. त्याने एक बीट म्हणजे एक मात्रा धरून केहरवा लावला, दोन बारला एक आवर्तन. सुरुवातीची गिटार ८ मात्रा, पहिलं कडवं समेवर आलं. आता ७ बार म्हणजे २८ मात्रा, साडेतीन आवर्तनं, त्यामुळे दुसरं कडवं सुरू झालं ते थेट खालीवर, म्हणजे आवर्तनाच्या मधोमध पाचव्या मात्रेवर. मामाने मान वर करून मुलाकडे पाहिलं, त्याला वाटलं भाच्याने घाई केली. दुसरं कडवं संपलं तेव्हा ५६ मात्रा झाल्या, मधला भाग परत समेवर, मामांचा चेहरा खुलला. तो भाग ३२ मात्रांचा, सरळ. तिसऱ्या कडव्यानंतर मात्र मधला भाग जो परत येतो तो खालीवर येतो, आणि तिथे मामा थांबले. त्यांची चूक काहीच नव्हती, ते प्रामाणिकपणे आवर्तन धरून होते आणि गाण्याला आवर्तन नकोच होतं. तालमीत दोन दिवस आम्ही वेगवेगळे उपाय केले, एकदा अर्ध्या आवर्तनाचा तुकडा घातला, एकदा अख्खं कडवं तबला गप्प ठेवला. शेवटी मामाच म्हणाले, ताई, याला मी नको, पोराला एकट्याला गाऊ दे.

आणि नेमकं हेच १९६५ मध्ये झालं होतं, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. बाकीचे तिघं यात काहीच वाजवत नाहीत. पॉलने गाणं आणलं तेव्हा रिंगोला ड्रम घालण्यासारखं काही दिसलं नाही, जॉन आणि जॉर्जला आणखी एक गिटार वाढवून उपयोग वाटला नाही. निर्माता जॉर्ज मार्टिन म्हणाला तू एकट्यानेच गा. चार जणांच्या बँडमध्ये तिघांनी बाजूला बसायचं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, बीटल्सच्या रेकॉर्डवर एकच जण आहे असं त्याआधी झालंच नव्हतं. मला स्वतःला या गाण्यात सगळ्यात मोठं मन त्या न वाजवणाऱ्या तिघांचं वाटतं.

तारीख होती १४ जून १९६५, लंडनचा ईएमआयचा अ‍ॅबी रोडवरचा स्टुडिओ. त्याच दुपारी पॉलने ‘आय अ‍ॅम डाउन’ गायलं, ते ऐकलं असेल तर माहीत असेल, घसा फाटेपर्यंत ओरडून गायलेलं रॉक अँड रोल आहे. आणि संध्याकाळी त्याच गळ्यातून हे. वय २२, तेविसावा वाढदिवस चार दिवसांवर. हातात एपिफोन टेक्सन गिटार, उजव्या हाताची गिटार डावखुऱ्यासाठी तारा उलट लावून घेतलेली. दोनच टेक झाले आणि दुसरा घेतला.

मग मार्टिनने तंतुवाद्यांची कल्पना काढली. पॉल बिचकला. त्याच्या डोळ्यासमोर मांटोवानीच्या ऑर्केस्ट्रासारखा गोड गोड व्हायोलिनचा लोंढा होता. मार्टिन म्हणाला मोठा ताफा नको, फक्त स्ट्रिंग क्वार्टेट, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. दोघांनी मिळून ती साथ बसवली आणि १७ जूनला रेकॉर्ड केली. व्हायोलिनवर टोनी गिल्बर्ट आणि सिडनी सॅक्स होते, व्हिओलावर केनेथ एसेक्स. पॉलची अट होती की व्हिब्रॅटो नको, म्हणजे तारेवरचं बोट हलवून सुराला जो कंप देतात तो द्यायचा नाही, सूर सरळ लावायचा. मुरलेल्या व्हायोलिनवाल्याला ते फार जड जातं, आयुष्यभराची सवय असते, आणि कंप काढला की सुरातला केसाएवढा फरकसुद्धा उघडा पडतो. शेवटी अगदी कमी कंपावर तडजोड झाली. आता हेडफोन लावून ऐका, दुसऱ्या कडव्याला क्वार्टेट येतं तेव्हा ते भरून येत नाही, बाजूने आत येऊन उभं राहतं. आणि १ मिनिट २५ सेकंदांच्या आसपास, मधला भाग दुसऱ्यांदा येतो तेव्हा, चेलोत एक कोमल निषाद येतो. ती पॉलची भर, ब्लूजमधून आलेली, शास्त्रोक्त क्वार्टेट लिहिणारा तो सूर तिथे टाकणार नाही. शेवटच्या कडव्यात वरचं व्हायोलिन एकच सूर धरून ठेवतं, त्याच्याकडेही लक्ष द्या, तो गंधार आहे, आणि खाली कॉर्ड बदलत राहतात तरी तो हलत नाही.

पुढचं पटकन सांगते. ६ ऑगस्ट १९६५ ला ‘हेल्प!’ अल्बममध्ये आलं, तेही दुसऱ्या बाजूला. इंग्लंडमध्ये त्यांनी सिंगल म्हणून काढलंच नाही, आपला रॉक बँड आहे आणि हे गाणं त्या प्रतिमेत बसत नाही असं वाटलं. पॉलच्या एकट्याच्या नावावर काढण्याचा विषय निघाला तर मॅनेजर ब्रायन एप्स्टाइनने नाही म्हटलं, चौघांना वेगळं करायचं नाही यावर तो ठाम होता. अमेरिकेत १३ सप्टेंबर १९६५ ला सिंगल आलं आणि चार आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास मॅट मन्रोने गायलेलं पहिल्या दहात गेलं, बीटल्सचं सिंगल मात्र तिथे १९७६ ला निघालं. १९८६ पर्यंत १,६०० हून जास्त जणांनी ते रेकॉर्ड केल्याची गिनीजमध्ये नोंद झाली. लेबलवर आजही लेनन-मॅकार्टनी असंच आहे, कारण दोघांचा सुरुवातीपासूनचा करार होता की कुणीही लिहिलं तरी नावं दोन्ही लागतील.

आता तुमच्या गिटारकडे. तारा उतरवायच्या त्या अशा, जाडीकडून बारीककडे: डी, जी, सी, एफ, ए, डी. क्लिप ट्यूनर गिटारच्या मोडवर असेल तर काही ट्यूनर गोंधळतात, तो क्रोमॅटिक मोडवर, म्हणजे कुठलाही सूर ओळखणाऱ्या मोडवर, घ्या. एकदा सगळ्या उतरवून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून तपासा, कारण ताण कमी झाल्यावर आधी लावलेल्या तारा थोड्या चढतात. मग कॉर्ड असे: पहिला बार जी, दुसऱ्यात अर्धा एफ शार्प मायनर सेव्हन आणि अर्धा बी सेव्हन, तिसरा ई मायनर आणि त्यात खर्ज डी वर आणायचा, चौथ्यात सी आणि डी सेव्हन, पाचव्यात जी आणि खर्ज एफ शार्पवर, सहाव्यात ई मायनर आणि ए सेव्हन, सातव्यात सी आणि जी. संपलं, आठवा मोजू नका. एफ शार्प मायनर सेव्हनला पूर्ण बार धरायची गरज नाही. सहाव्या तारेचा दुसरा पडदा एका बोटाने, आणि चौथी, तिसरी, दुसरी या तीन तारांचा दुसरा पडदा दुसरं बोट आडवं टाकून, पाचवी तार पहिल्या बोटाच्या टोकाने मुकी करायची. तारा सैल आहेत त्यामुळे बोटाला कमी जोर पुरतो, तुमचं मनगट इथेच सुटेल.

उजव्या हाताला पिक नको. अंगठ्याने खालचा सूर आणि बोटाने वरच्या तारांवर हलका स्ट्रोक, एवढंच. माझे विद्यार्थी दोन आठवड्यांत इथपर्यंत येतात आणि मग त्यांना राहवत नाही, मध्ये मध्ये बारीक बोटकाम घालायला लागतात. मी थांबवते. रेकॉर्डवर गिटार गाण्याच्या खाली सतरंजीसारखी पसरलेली आहे, तिच्यावर नक्षी नाही.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी पण सांगायला हव्यात. तुमच्या गिटारवर १० नंबरच्या बारीक तारा असतील तर एवढ्या उतरवल्यावर त्या लुळ्या पडतील आणि पडद्यावर खरखरतील, १२ चा सेट असेल तर काही अडचण नाही. ॲक्शन, म्हणजे तारांची पडद्यांपासूनची उंची, फार कमी असेल तरी खरखर येईल, तेव्हा गिटार बिघडली समजू नका. एकच गिटार आहे आणि बाकीची गाणी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचीयत, तर रोज वरखाली करण्यापेक्षा पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि सी चे कॉर्ड धरा: सी, बी मायनर सेव्हन, ई सेव्हन, ए मायनर, एफ, जी सेव्हन असे. सूर रेकॉर्डबरोबर जुळेल. फक्त खर्ज एक सप्तक वर जातो, आवाज थोडा खेळण्यातल्या गिटारसारखा बारीक होतो. रेकॉर्डबरोबर वाजवायचंच नसेल, स्वतः गायचं असेल, तर मग एफ चा आग्रह कशाला, गळा जिथे सैल राहतो ती पट्टी घ्या. माझ्या बऱ्याच मुली हे पांढरी चारमध्ये न गाता वर काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात आणि छान गातात. पॉलनेही जी चे हात सोडले नाहीत आणि पट्टी मात्र खाली आणली, माझ्या मते गळ्यासाठी आणि त्या सैल तारांच्या मऊ आवाजासाठी, दोन्हीसाठी.

पहिले चार दिवस गाऊ नका. तारा उतरवा, पहिला टेक लावा, जॉर्जला कॉर्ड सांगतानाचं बोलणं ऐका आणि त्याच्याबरोबर फक्त प्रत्येक बारचा पहिला सूर अंगठ्याने वाजवत जा. सात मोजून परत एकवर यायला जमलं की मग पूर्ण कॉर्ड. आणि गिटारवर आत्ता कुठल्या नंबरच्या तारा आहेत ते कळवा, १० च्या असतील तर आधी त्या बदलून घ्या.